‘वोक’ म्हणजे नक्की काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं आणि माझा खोकला तेवढा काढून टाकलाय.

आज शब्द एकच. वोक.

हा शब्द मी निवडलेला नाही, बरं का. तो माझ्यावर उलटलाय. काय झालं ते आधी सांगतो.

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी सगळे जमलो होतो. माझी पुतणी पुण्याला कॉलेजात शिकते, तीही आली होती. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांसाठी चहा केला आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही दिला. आमच्याच मगात. आमच्याकडून कुणीतरी पटकन म्हणालं, ‘‘अगं, मावशींचा कप वेगळा आहे, तो खिडकीत बघ.’’ पुतणी म्हणाली, ‘‘वेगळा का?’’

एकदम शांतता. मावशी ओट्याशीच उभ्या होत्या. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी हसत हसत म्हणालो, ‘‘पुण्याला जाऊन फार वोक झालीस गं तू!’’ सगळे हसले. विषय संपला. चहा त्या खिडकीतल्या कपात ओतला गेला.

संध्याकाळी पुतणी गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, ‘‘काका, तुम्ही शब्दांवर पॉडकास्ट करता ना? मग सांगा, वोक म्हणजे काय?’’

मी सुरू झालो. म्हणजे ते आपलं... अतिरेकी पुरोगामी... प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधणारे... ते अमेरिकेतलं फॅड... असं मी जवळजवळ दोन मिनिटं बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बरं. मग सकाळी मी यातलं काय केलं?’’

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो शब्द आपण वापरला, त्याचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, ही माझ्यासारख्या माणसाला लाज वाटण्याचीच गोष्ट. म्हणून मग बसलो शोधायला. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात व्याकरणापासून करू. शाळेत आपण पाठ केलं होतं, वेक, वोक, वोकन. म्हणजे ‘वोक’ हे ‘जागं होणे’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. तो जागा झाला, ही वोक अप. आणि ‘जागा आहे’ म्हणायचं तर पुस्तकी इंग्रजीत शब्द आहे ‘अवेक’. मग ‘आय अॅम वोक’ हे आलं कुठून? आपल्या शाळेतल्या बाईंनी तर त्याखाली लाल रेघ मारली असती.

ते आलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून. ही बोली म्हणजे मोडकं इंग्रजी नव्हे, तिला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. त्या व्याकरणात ‘वोक’ हे विशेषण आहे, आपल्या ‘जागा’सारखं. आणि असं होणं काही विचित्रही नाही. ‘ब्रेक’चं जुनं रूप ‘ब्रोक’ घ्या. ‘आय अॅम ब्रोक’ म्हणजे मी कफल्लक आहे, हे तर कुठलाही इंग्रज सर्रास म्हणतो. तिथे कुणी लाल रेघ मारत नाही. कुणाच्या बोलीतली चूक ही चूक आणि कुणाच्या बोलीतली चूक ही भाषेची लकब, हे कोण ठरवतं, हा वेगळ्या भागाचा विषय आहे. आत्ता सोडून देतो.

आता इतिहास. जागे व्हा, ही हाक तशी जुनीच आहे. जमैकात जन्मलेले कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या १९२३ साली पुस्तकरूपात आलेल्या विचारांमध्येही आफ्रिकेला जागं होण्याची हाक आहे. पण ‘वोक’ हा शब्द आज ज्या अर्थाच्या जवळ आहे त्या अर्थाने आपल्याला प्रत्यक्ष कानाने ऐकू येतो तो १९३८ सालच्या एका ध्वनिमुद्रणात.

गाणारा माणूस हडी लेडबेटर. जग त्याला लेड बेली म्हणून ओळखतं. लुइझियानाचा, बारा तारांची गिटार वाजवणारा. गाण्याचं नाव ‘स्कॉट्सबरो बॉइज’. हे गाणं कशावर आहे ते कळल्याशिवाय शब्द कळणार नाही, म्हणून जरा थांबून ती हकिकत सांगतो.

२५ मार्च १९३१. अमेरिकेत मंदीचे दिवस. काम शोधत लोक मालगाड्यांवर फुकट चढून या गावाहून त्या गावाला जायचे. अशाच एका गाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. गाडीतून उतरवल्या गेलेल्या गोऱ्या पोरांनी तक्रार केली, आणि अलाबामा राज्यातल्या पेंट रॉक नावाच्या ठिकाणी हत्यारबंद लोकांनी गाडी अडवली. नऊ कृष्णवर्णीय पोरं पकडली गेली. सगळ्यात लहान जेमतेम तेरा वर्षांचा. त्याच गाडीत दोन गोऱ्या तरुणी होत्या. त्यांनी सांगितलं, या मुलांनी आमच्यावर बलात्कार केला.

खटला स्कॉट्सबरो गावात चालला. ज्युरी सगळे गोरे. अटकेपासून अवघ्या पंधरा दिवसांत नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने न्यायालयात स्वतः सांगितलं, की असं काही घडलंच नव्हतं. तरीही पुन्हा दोषी ठरवलं गेलं. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी कुणाला फाशी झाली नाही, पण कोवळ्या वयातली वर्षंच्या वर्षं तुरुंगात गेली. त्यांच्यातल्या शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली. मरणोत्तर.

तर लेड बेली या पोरांवर गाणं म्हणतो आणि त्याला जोडून बोलतो. त्या बोलण्याचा आशय असा: तिकडून जाणार असाल तर जपून जा, ‘स्टे वोक’, डोळे उघडे ठेवा.

हे ऐकलं आणि मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. कारण इथे ‘वोक’ हे मत नाही, विचारधारा नाही, कुणाला शहाणपण शिकवणं तर अजिबातच नाही. ही आहे प्रवासाला निघालेल्या माणसाला दिलेली सूचना. आपली आजी कशी म्हणायची, रात्रीच्या गाडीने चाललायस, डुलकी काढू नकोस, सामानावर लक्ष ठेव. तसंच. फरक इतकाच, की तिथे धोका सामानाला नव्हता, जिवाला होता. त्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक वेगळी मार्गदर्शक पुस्तिकाच निघायची. न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका टपाल कर्मचाऱ्याने ती १९३६ मध्ये सुरू केली. कुठे राहायला मिळेल, कुठे जेवायला मिळेल, याची यादी. कारण सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचंच नाही अशी गावं होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शब्द आहेत ‘स्टे वोक’. ‘वेक अप’ नाही. जागे व्हा असं नाही म्हटलेलं, जागे राहा असं म्हटलंय. मराठीतही यात फरक आहेच ना? जाग येते, ती आपोआप. भांडं पडलं, जाग आली. पण जागं राहावं लागतं. त्याला कष्ट आहेत. डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्यालाच ते कळतं.

पुढचा टप्पा १९६२. मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये विल्यम मेल्विन केली या तरुण कृष्णवर्णीय लेखकाचा लेख आला. वय चोविशीचं. लेखाचं नाव ‘इफ यू आर वोक यू डिग इट’. मराठीत साधारण ‘जागा असशील तर कळेल तुला’ असं म्हणता येईल. लेखाचा विषय राजकारण नाही, भाषा आहे. त्याचं म्हणणं असं, की आमच्या वस्तीतले शब्द बाहेरचे गोरे लोक, विशेषतः ते बीटनिक, उचलतात, अर्थ बदलून वापरतात, आणि शब्द बाहेर पोचेपर्यंत आमच्या लोकांनी तो सोडून दिलेला असतो.

गंमत बघा. ज्या लेखाच्या शीर्षकात ‘वोक’ आहे, त्याच लेखात त्या शब्दाचं पुढे काय होणार ते लिहून ठेवलंय. फक्त व्हायला पन्नास-साठ वर्षं लागली.

मधली वर्षं हा शब्द आपल्या माणसांत शांतपणे नांदत होता. २००८ मध्ये एरिका बाडू या गायिकेच्या ‘मास्टर टीचर’ या गाण्याने तो पुन्हा लोकांच्या कानावर घातला. ते गाणं मूळचं जॉर्जिया अॅन मल्ड्रो हिचं. त्यात जागं राहणं हे एका सुंदर जगाच्या स्वप्नाच्या शेजारी येतं. स्वप्न बघायचं, पण झोपायचं नाही, असं काहीसं. २०१२ मध्ये रशियातल्या पुसी रायट या बँडच्या तुरुंगात टाकलेल्या मुलींसाठी बाडूने ट्विटरवर हेच दोन शब्द लिहिले. म्हणजे शब्द अमेरिकेची वेस ओलांडून गेला.

आणि मग आला ऑगस्ट २०१४. मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन. मायकल ब्राउन, वय १८, हातात शस्त्र नाही, पोलिसाच्या गोळीने मेला. लोक रस्त्यावर उतरले. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही घोषणा आदल्या वर्षीच आली होती, आता ती सगळीकडे पोचली. आणि तिच्यासोबत ‘स्टे वोक’. म्हणजे काय? मोबाइल चालू ठेव, चित्रीकरण कर, बातमीत सांगतात तेवढ्यावर विसंबू नकोस. १९३८ चाच अर्थ आहे बघा हा. गाडी बदलली, रस्ता तोच.

२०१७ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने या नव्या अर्थाची नोंद केली: वांशिक आणि सामाजिक भेदभावाविषयी, अन्यायाविषयी सजग असलेला.

आता इथून शब्दाची घसरण सुरू होते. आणि खरं सांगायचं तर ती दोन्ही बाजूंनी झाली.

आधी आपल्याच माणसांनी काय केलं ते बघू. शब्द लोकप्रिय झाल्यावर तो टी-शर्टवर आला. कंपन्यांनी जाहिरातीत घेतला. ज्यांना कसलाच धोका नव्हता असे लोक स्वतःला वोक म्हणवून घ्यायला लागले. जागं राहणं हे काम होतं, त्याचा बिल्ला झाला. दुसऱ्याची चूक दाखवली की झालो आपण जागे, असं वाटायला लागलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागोतल्या एका कार्यक्रमात खुद्द बराक ओबामांनी तरुणांना यावरून टोकलं होतं. जग गुंतागुंतीचं आहे, चांगल्या माणसांतही दोष असतात, समाजमाध्यमावर कुणाला तरी झोडपलं म्हणजे बदल घडवला असं नाही, असा त्यांचा रोख होता. तेव्हा या शब्दावर टीका करणारा प्रत्येक जण दुष्ट, असं मी म्हणणार नाही. टीकेत तथ्य होतं, आहे.

पण दुसऱ्या बाजूने जे झालं ते वेगळं. तिथे शब्दाची शिवीच झाली. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्यात एक कायदा झाला, त्याचं नावच ‘स्टॉप वोक अॅक्ट’. शाळा, कॉलेजं आणि नोकरीच्या ठिकाणी वंशभेदाबद्दल काय शिकवायचं, त्यावर बंधनं घालणारा. त्यातल्या काही भागांना पुढे न्यायालयांनी स्थगिती दिली. त्याच वर्षी निवडणूक जिंकल्यावर तिथले गव्हर्नर रॉन डिसँटिस म्हणाले, की फ्लोरिडा म्हणजे वोक जिथे मरायला येतं ती जागा.

आता मजा ऐका. २०२२ च्या अखेरीस एका खटल्यात डिसँटिस यांच्याच वकिलाला विचारलं गेलं, वोक म्हणजे काय? त्यांनी उत्तर दिलं. आशय असा, की अमेरिकी समाजात व्यवस्थेतच रुजलेले अन्याय आहेत आणि ते दूर करायला हवेत, असं मानणं म्हणजे वोक. बस्स. एवढंच. हे वाक्य शिवी म्हणून वापरायचं असेल तर कठीणच आहे की नाही?

आणि मार्च २०२३ मध्ये एका मुलाखतीत एका अमेरिकन लेखिकेला हाच प्रश्न विचारला गेला. तिने या विषयावर पुस्तक लिहिलं होतं. तिला व्याख्या सांगता येईना, ती अडखळली, ती चित्रफीत जगभर फिरली. लोक खूप हसले. मीही ती बघितली होती तेव्हा, आणि हसलो होतो. गच्चीवर पुतणीसमोर माझी अवस्था डिट्टो तिच्यासारखी होती. फक्त कॅमेरा नव्हता.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा शब्द आपल्याकडेही आलाय. आणि कसा आलाय बघा. लेड बेलीकडून नाही आला, फर्ग्युसनहूनही नाही. तो आला शिवी झाल्यानंतर. व्हॉट्सॲपवरून, यूट्यूबवरून. म्हणजे आपल्या मराठी कानांवर त्याचा पहिला अर्थ पडलाच नाही. सिनेमा आवडला नाही, वोक. मुलीने लग्नात कन्यादान नको म्हटलं, वोक. केलीने म्हटलं होतं तसंच, शब्द पोचेपर्यंत अर्थ मागे राहिला.

अर्थात शब्दांचं असं वाकडं होणं आपल्याला नवं नाही. ‘शहाणा’ हा केवढा चांगला शब्द! पण ‘आलाय मोठा शहाणा’ म्हटलं की काय होतं? ‘पुरोगामी’चं ‘फुरोगामी’ तर आपण समाजमाध्यमांवर रोज बघतो. चांगल्या अर्थाचा शब्द घ्यायचा, जरा नाक मुरडून उच्चारायचा, की समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. मला वाटतं, हाच या सगळ्याचा गाभा आहे. असा शब्द काही सांगत नाही, तो फक्त संभाषण बंद करतो. दार लावून घेण्याची कडी आहे ती.

मी त्या सकाळी तेच केलं. ‘कप वेगळा का?’ हा साधा मराठी प्रश्न होता. त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, सगळ्या घराला ठाऊक होतं. ओट्याशी उभ्या असलेल्या मावशींना तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं. ते उत्तर तोंडाने म्हणावं लागू नये म्हणून मी सातासमुद्रापलीकडून एक शब्द आणला आणि मधे टाकला. आपल्यात एक म्हण आहे ना, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. तर ते सोंग माझं होतं.

यावर कुणी म्हणेल, अहो, मग काय या शब्दावर बंदी घालायची? नाही. माझं एवढंच सुचवणं आहे. पुढच्या वेळी ‘वोक’ तोंडात आला, की तो गिळायचा आणि त्याच्या जागी पूर्ण वाक्य बोलून बघायचं. मला तुझं म्हणणं पटत नाही, कारण अमुक. तू दिखावा करतेयस असं मला वाटतं, कारण तमुक. हे बोलता आलं, तर खुशाल बोला, वाद घाला. नाही आलं, तर समजायचं, की प्रश्न समोरच्याचा नाही.

जाता जाता एक मराठी क्रियापद, कारण शोधताना मला ते नव्याने भेटलं. जागणे. आपण म्हणतो, रात्र जागलो. पण आपण हेही म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागला. दिल्या शब्दाला जागला. उपकाराला जागला. हे मला फार आवडलं. मराठीत जागणं म्हणजे नुसते डोळे उघडे असणं नाही, ज्याचं आपण देणं लागतो त्याची आठवण ठेवून वागणं. आमच्या मावशी अकरा वर्षं आमच्याकडे येतात. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिला आंघोळ त्यांनी घातली, तिचं अंथरूण त्यांनी बदललं. तेव्हा कुणाचं काही वेगळं नव्हतं. तेव्हा मिठाला जागायचंच असेल तर ते कुणी, याचं उत्तर मलाच द्यायचं होतं.

तुम्ही विचाराल, मग कपाचं काय झालं? सांगतो, पण फार मोठी अपेक्षा ठेवू नका. पाडव्यापासून राहिलेला पसारा आवरून झाला, पाहुणे गेले, आणि एका सकाळी मी खिडकीतला तो कप उचलून टाकून दिला. मावशी आल्या, त्यांनी खिडकीकडे बघितलं, विचारलं, ‘‘कप कुठं गेला माझा?’’ मी म्हटलं, फुटला. बघा, तेव्हाही खरं बोलायचं धाडस झालं नाही. चहा मगात दिला. त्यांनी तो घेतला आणि नेहमीच्याच जागी, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी बसून प्यायला. मी टेबलाकडे हात करून ‘इथे बसा ना’ म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या, मला इथंच बरं वाटतं.’’ अकरा वर्षांचं एका मगाने निघत नाही.

पुतणीला मात्र मी फोन केला. सांगितलं, बाई गं, वोक म्हणजे काय ते आता सांगतो, आणि त्या दिवशी मी चुकलो. ती म्हणाली, ‘‘काका, मला नका सांगू. मावशींना सांगा.’’

ते अजून बाकी आहे.

तर मंडळी, या भागात एवढंच. तुमच्या घरात, ऑफिसात असा एखादा शब्द असेल, की जो म्हटला की बोलणं थांबतं, तर मला जरूर कळवा. आणि हो, त्या शब्दाचा अर्थ काय, तेही लिहा. सांगता येतोय का बघा. भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, ऐकत राहा, आणि जमलं तर जागे राहा. नमस्कार.